नावनिशीत नसलेली माणसे : नागरिकत्व, समावेश आणि मंडळीची जबाबदारी



गेल्या अंकानंतर काही वाचकांनी एक प्रश्न कळवला. प्रश्न रास्त आहे म्हणून या वेळचा अभ्यास त्यावरच घेते. प्रश्न असा : "आम्ही दाने देतो ती सुवार्तेच्या कामासाठी. तुमच्या अहवालात मात्र जन्मदाखले, रेशनकार्ड, मतदार यादी हेच जास्त दिसते. हे तर सरकारचे काम. मंडळीने यात का पडावे?"

हा प्रश्न एके काळी माझाही होता. त्याचे उत्तर मी वेदांतज्ञानाच्या वर्गात शिकले नाही. एका वाडीत, उशिरा शिकले. म्हणून आधी एक कबुली देते आणि मग शास्त्राकडे वळते.

अभ्यासासाठी शास्त्रभाग : लूक 2:1-7, गणना 27:1-11, प्रेषितांची कृत्ये 6:1-7 आणि 16:35-40, इफिसकरांस पत्र 2:11-22. लेख वाचण्यापूर्वी हे भाग घरात मोठ्याने वाचावेत, अशी विनंती.

सुरुवातीला एक कबुली

मी रायगड जिल्ह्यातील कातकरी वाड्यांमध्ये काम करते. कातकरी ही महाराष्ट्रातील तीन आदिम जमातींपैकी एक. कोलाम आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. अनेक कातकरी वाड्या अजूनही दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर आहेत. पायाखालची जमीन आपली नाही, म्हणून सातबारा नाही. आजोबा शाळेत गेले नाहीत, म्हणून शाळेचा दाखला नाही. दिवाळी झाली की कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यातच हंगाम जातो. भट्टीवर नवरा-बायकोला जोडीने कामावर घेतात. हजार विटांमागे हिशेब होतो, पण वहीत नाव बहुधा एकट्या नवऱ्याचेच असते.

अशाच एका वाडीत एक मुलगी होती. तिचे नाव येथे देत नाही. आश्रमशाळेत राहून ती दहावी पास झाली. वाडीत तिच्याआधी दोघांनीच दहावी केली होती. तिला नर्सिंगकडे जायचे होते. प्रवेशासाठी जातीचा दाखला हवा होता. तिची आई सप्टेंबरात माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, एवढं काम करा. आमाला कचेरीतलं काय समजत नाय."

अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वी कुटुंब कुठे राहत होते, याचा पुरावा मागतात. तिच्या घरात कागद म्हणावा असा एकच होता, मुलीची गुणपत्रिका. अशा वेळी तलाठ्याची चौकशी, गावातल्या जाणत्यांचे जबाब, वंशावळीचे प्रतिज्ञापत्र अशा वाटेने जावे लागते. वाट आहे, पण खेटे फार घालावे लागतात. मी त्या आईला म्हणाले, "आपण प्रार्थना करू. नाताळ झाला की मी स्वतः येते." कारण त्या तीन महिन्यांत माझ्याकडे नाताळचे कार्यक्रम, गायनाचा सराव आणि वार्षिक अहवाल होता. मला वाटत होते की माझे खरे काम ते आहे. दाखला हे मधूनच आलेले काम होते.

नाताळनंतर मी गेले तेव्हा घराला कुडाचे दार ओढून घेतलेले होते. कुटुंब भट्टीवर गेले होते, मुलगीही बरोबर गेली होती. पुढे दाखला मिळाला, त्याला 14 महिने लागले. तोवर तिचे लग्न झाले होते.

मी त्या आईसाठी प्रार्थना केली होती, हे खरे आहे. पण याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात उघड्या आणि उपाशी माणसाला नुसता आशीर्वाद देऊन वाटेला लावणाऱ्यांविषयी जे सांगतो, ते त्या दिवशी मला माझ्याविषयी वाटले. तेव्हापासून मी हा विषय शास्त्रात शोधू लागले. जे सापडले ते तुमच्यापुढे ठेवते.

1. नावनिशीच्या वाटेवर जन्मलेले बाळ (लूक 2:1-7)

नाताळची गोष्ट आपण दरवर्षी ऐकतो. पण लूक ती कशी सुरू करतो, हे आपण घाईने वाचतो. तो आधी कैसर औगुस्ताची आज्ञा सांगतो. सगळ्यांची नावनिशी होणार आहे. एक गरीब जोडपे, त्यातली बाई दिवस भरलेली, घरापासून दूर प्रवास करते. उतरायला जागा मिळत नाही. बाळ परक्या गावात जन्मते.

वीटभट्टीवर बाळंत झालेली बाई ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा भाग समजावून सांगावा लागत नाही. भट्टीच्या कडेला कच्च्या विटांची झोपडी, वर प्लास्टिक. आपला प्रभू अशाच ठिकाणी, अशाच प्रवासात आला.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली : रोमी सरकारची नावनिशी लोकांच्या कल्याणासाठी नव्हती. ती कर आणि सत्ता यांसाठी होती. सरकारी यादी म्हणजे पवित्र वस्तू नव्हे. आपल्याच देशात 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कितीतरी जमातींची नावे यादीत घातली, ती जन्मतःच गुन्हेगार ठरवण्यासाठी. तो कायदा रद्द व्हायला 31 ऑगस्ट 1952 उजाडला. म्हणून यादीत नाव असणे ही नेहमीच कृपा नसते, हे आदिवासी माणसाला ठाऊक आहे. कागद पुढे केला की तो आधी घाबरतो. त्याच्या या भीतीला आपण अडाणीपणा म्हणू नये.

दुसरी गोष्ट : आजच्या भारतात यादीबाहेर राहण्याची किंमत फक्त गरीबच भरतो. जन्माची नोंद 21 दिवसांत केली तर विनामूल्य होते. 30 दिवसांपर्यंत विलंब शुल्क लागते. त्यापुढे वर्षभरापर्यंत वरिष्ठांची लेखी परवानगी आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील दुरुस्ती 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झाली. त्या दिवशी किंवा नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना, विवाहनोंदणी, सरकारी नोकरी, आधार यांसाठी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरायचा आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून लहान मुलाला शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात आहेच. पण मूल अठरा वर्षांचे झाल्यावर ही अडचण पुन्हा समोर येणार आहे.

आणि खरी गुंतागुंत पुढेच आहे. जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते. बाळ भट्टीवर जन्मले तर नोंद भट्टीच्या गावात. आईबाप मे-जूनमध्ये वाडीत परत येतात, तोवर 21 दिवस केव्हाच उलटलेले असतात. परत त्या गावी कोण जाणार? उचल फिटलेली नसते, तर त्या मालकाकडे जायलाही माणूस कचरतो. असे बाळ वाडीत वाढते, खेळते, शाळेतही जाते. पण कागदावर ते जन्मलेलेच नसते.

2. पाच बहिणींचा अर्ज (गणना 27:1-11)

महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा या पाच बहिणी. बाप रानात वारला, भाऊ नाही. वतनाची वाटणी होणार आहे आणि त्यात त्यांच्या बापाचे नाव गळणार आहे. त्या काय करतात? घरात बसून रडत नाहीत. दर्शनमंडपाच्या दाराशी मोशे, एलाजार याजक, सरदार आणि सगळी मंडळी यांच्यापुढे उभ्या राहतात आणि आपले म्हणणे मांडतात.

त्या जागेकडे लक्ष द्या. देवाच्या उपासनेची जागा आणि हक्काचा अर्ज देण्याची जागा एकच आहे. मोशे त्यांना असे म्हणत नाही की हे ऐहिक प्रश्न आहेत, इथे आणू नका. तो त्यांचा अर्ज परमेश्वरापुढे नेतो. आणि परमेश्वर उत्तर देतो की या मुली बरोबर बोलत आहेत. त्या पाचजणींना वतन मिळाले, इतकेच नव्हे, सगळ्या इस्राएलासाठी नियम झाला.

2006 च्या वनहक्क कायद्याविषयी वाडीत बोलताना मी हा भाग सांगते. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून जी वनजमीन आदिवासी कुटुंब कसत आहे, तिच्यावर जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत हक्क मागता येतो. लग्न झालेले असेल तर पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावाने होतो, आणि तो वारसाने पुढे जातो. दाव्याची पहिली छाननी वाडीतलीच माणसे करतात, ग्रामसभेची वनहक्क समिती. समितीत बायकाही असाव्या लागतात.

एका बैठकीत एक म्हातारी बाई मागे बसून ऐकत होती. पाच बहिणींची गोष्ट संपल्यावर तिने विचारले, "बाय, त्या पाचजणींना कोणी हसला नाय?" मी म्हटले, तसे लिहिलेले नाही. ती म्हणाली, "मंग देवच पुढं असल." पुढच्या ग्रामसभेला ती पहिल्या रांगेत होती. ती आजही मंडळीची सभासद नाही. पण त्या दिवशी शास्त्र तिच्या कामी आले.

3. मंडळीतील पहिली तक्रार (प्रेषितांची कृत्ये 6:1-7)

पहिल्या मंडळीत पहिले मोठे भांडण कशावरून झाले? शिकवणीवरून नाही. रोजच्या वाटपावरून! ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटणीत वगळले जात होते. आजच्या भाषेत सांगायचे तर रेशनच्या यादीत त्यांची नावे नव्हती. त्या देवाच्या लोकांमध्ये होत्या, पण भाषा वेगळी होती, माणसे बाहेरून आलेली होती. मुद्दाम कोणी वगळले असे लूक म्हणत नाही. बहुतेक वेळा वगळणे असेच होते. यादी करणाऱ्याला जी माणसे ठाऊक असतात तीच यादीत येतात.

प्रेषितांनी काय केले, ते तीन पायऱ्यांनी पाहू.

पहिली, त्यांनी तक्रार करणाऱ्यांना कुरकुरे म्हटले नाही. तक्रार खरी मानली.

दुसरी, त्यांनी सात माणसे निवडायला सांगितली आणि निवड सगळ्या शिष्यगणाने केली. सातही नावे पाहा, सगळी ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, वाटपाचे काम त्यांच्याच माणसांकडे आले. यालाच आपण आज समावेश म्हणतो. दयेने एक घास जास्त वाढणे वेगळे आणि पळी त्याच्या हाती देणे वेगळे.

तिसरी, या कामासाठी आत्म्याने आणि ज्ञानाने पूर्ण अशी माणसे मागितली. भाकर वाटण्याचे काम हलके मानले नाही. आणि त्याने सुवार्ता मागे पडली का? सातव्या वचनात उलट लिहिले आहे : त्यानंतर वचनाचा प्रसार झाला, शिष्यांची संख्या वाढली. पंगतीच्या कामावर नेमलेले स्तेफन आणि फिलिप्प पुढे काय झाले, ते आपण जाणतोच.

आमच्या कामात आम्ही हे उशिरा लागू केले. पूर्वी फॉर्म आम्हीच भरत होतो. आता प्रत्येक वाडीतले दोन तरुण, एक मुलगा आणि एक मुलगी, हे काम शिकतात. मतदार नोंदणीचा नमुना 6, अंत्योदय कार्डावर महिन्याला 35 किलो धान्य, स्थलांतरातही रेशन घेता येते ही माहिती, भट्टीवर जाणाऱ्या मुलांचे शिक्षण हमी कार्ड. हे सगळे तेच समजावून सांगतात, तेही कातकरी बोलीत. माझ्या शुद्ध मराठीपेक्षा ते लोकांना लवकर कळते.

संविधान सभेतला एक प्रसंग येथे आठवतो. जयपालसिंग मुंडा मिशनच्या शाळेत शिकलेले, 1928 च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघाचे कप्तान. 19 डिसेंबर 1946 रोजी ते आदिवासींच्या वतीने सभेत बोलले. त्यांचे सांगणे असे होते की आदिवासींना लोकशाही शिकवायला जाऊ नका, ती त्यांच्याकडून शिका. वाडीची बैठक ज्याने पाहिली आहे त्याला हे पटते. तिथे म्हाताऱ्याला, बाईला, पोरालाही बोलू देतात, आणि सगळ्यांचे होईपर्यंत कोणी उठत नाही. आपल्या कित्येक मंडळ्यांच्या वार्षिक सभांना हे जमत नाही.

4. पौल आपला हक्क का सांगतो? (प्रेषितांची कृत्ये 16:35-40)

काही भाविकांना वाटते, आपले नागरिकत्व स्वर्गात आहे, मग इथल्या नागरिकत्वाची एवढी चिंता कशाला? पण ज्याने फिलिप्पैकरांस तसे लिहिले, त्याच पौलाने त्याच फिलिप्पै शहरात काय केले होते ते वाचा. चौकशीवाचून फटके मारून त्याला आणि सीलाला तुरुंगात टाकले. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला, गुपचूप जा. पौल म्हणाला, आम्ही रोमी नागरिक आहोत, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर काढावे. आणि ते आले.

स्वतःच्या मानासाठी पौल असे करणारा नव्हता. मला वाटते, त्याच्या डोळ्यांपुढे लुदियाच्या घरी जमणारी छोटी मंडळी होती. तो निघून जाणार होता, त्यांना तिथेच राहायचे होते. अधिकाऱ्यांनी एकदा कायदा पाळला की पुढच्या वेळी या लोकांवर हात टाकताना ते विचार करतील.

हक्क सांगणे म्हणजे गर्व नव्हे. दुसऱ्यासाठी सांगितलेला हक्क ही सेवाच आहे. जो माणूस कचेरीच्या दारात चपला काढून, हात जोडून उभा राहतो, त्याला सांगावे लागते, "दादा, आपण भीक मागायला आलो नाही. खुर्ची आहे, बसा." हे सांगायला सोबत कोणीतरी लागते. ते कोणीतरी मंडळीतले असावे.

मतदानाचेही असेच. संविधानाच्या कलम 325 प्रमाणे धर्म, वंश, जात किंवा लिंग यांवरून कोणाला मतदार यादीतून वगळता येत नाही. कायद्याने कोणी वगळलेले नाही, पण हंगामाने वगळले जाते. 2024 ची लोकसभा निवडणूक एप्रिल ते जूनमध्ये झाली, विधानसभेचे मतदान 20 नोव्हेंबरला. दोन्ही वेळा कितीतरी कुटुंबे भट्टीवर. ज्याचे मत पडत नाही, त्याच्या वाडीचा रस्ता आणि पाणी कोणाच्या यादीत येणार?

5. धर्म भिंतही होतो (इफिस 2:11-22)

इथवर वाचून कोणाला वाटेल की धर्म असला म्हणजे समावेश आपोआप होतो. तसे नाही. पौल इफिसकरांस लिहिताना मध्ये उभ्या असलेल्या भिंतीविषयी बोलतो, आणि ती भिंत धर्मानेच उभी केली होती. ख्रिस्ताने ती पाडली. आपण ती पुन्हा बांधतो. याची दोन उदाहरणे, दोन्ही माझ्याच कामातली.

आमचे पहिले दाखल्यांचे शिबिर आम्ही प्रार्थनामंदिरात घेतले. जागा होती, सावली होती, पंखे होते. सुरुवातीला गीत आणि प्रार्थना झाली. 40 घरांच्या वाडीतून 11 घरे आली, ती सगळी विश्वासणाऱ्यांची. बाकीची आली नाहीत. वाडीत बोलणे पसरले होते की अंगठा लावला की धर्म बदलतो. आम्हाला राग आला. आम्ही म्हणालो, विरोधकांचे काम. पण थोडे शांत झाल्यावर मी स्वतःला विचारले, सरकारी दाखल्याचा फॉर्म भरण्याआधी त्यांना आपले गीत का ऐकावे लागावे? जो दाखला त्यांच्या हक्काचा आहे, त्याच्यावर आपण आपला शिक्का का उमटवतो?

पुढचे शिबिर अंगणवाडीच्या ओट्यावर घेतले. वाडीच्या भगताकडे मी स्वतः गेले आणि म्हणाले, "बाबा, तुम्ही आलात तर बरे होईल." ते आले, पुढे बसले आणि पहिला फॉर्म त्यांचाच भरला. त्या दिवशी 33 घरे आली. आम्ही प्रार्थना घरून करून निघालो होतो. ती प्रार्थना देवाने ऐकली नाही, असे मला वाटत नाही.

तेव्हापासून आमचा नियम पक्का आहे : हक्काच्या कामात धर्म विचारायचा नाही, आणि मदतीच्या मोबदल्यात विश्वास मागायचा नाही. संविधानाचे कलम 25 प्रत्येकाला विवेकाचे स्वातंत्र्य देते. पण आपल्याला हा नियम कायद्याच्या आधी प्रभूने दिला. दहा कुष्ठरोगी शुद्ध झाले, परत एकच आला, तरी नऊजणांचे आरोग्य त्याने काढून घेतले नाही. उलट बाजूची अफवाही आम्ही खोडून काढतो. चर्चला गेल्याने आदिवासीपण जाते, असे काहीजण सांगतात. अनुसूचित जमातींच्या 1950 च्या आदेशात धर्माची अट नाही. एवढे सांगतो, आणि अर्जात खोटे एक अक्षरही लिहायचे नाही, हेही सांगतो.

दुसरे उदाहरण अधिक दुखरे आहे. एका शहरी मंडळीने वाडीच्या विश्वासणाऱ्यांना नाताळाला प्रेमाने बोलावले. बोलणी मीच केली होती. उपासना छान झाली. जेवणाच्या वेळी त्यांच्यासाठी अंगणात सतरंजी आणि पत्रावळ्या, सभासदांसाठी आत टेबल आणि स्टीलची ताटे. कोणाच्या मनात वाईट नव्हते. माणसे जास्त झाली, म्हणून सोय केली. पण अंगणात कोण बसणार हे कोणी न सांगताच ठरले. आणि मी आत टेबलावर बसले. परतीच्या गाडीत एक दादा एवढेच म्हणाले, "ताई, पुढच्या खेपेला आमीच वाडीत करू नाताळ." करिंथच्या मंडळीत एक उपाशी आणि एक तृप्त असे जेवत होते, तेव्हा पौल म्हणाला की ही प्रभुभोजनाची रीत नव्हे. ते पत्र आपल्याला अजून लागू आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधानाच्या उद्देशिकेत स्वातंत्र्य आणि समता यांच्याबरोबर बंधुता हा शब्द ठेवला. 1954 मध्ये आकाशवाणीवरील भाषणात त्यांनी सांगितले की ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, तर बुद्धाच्या शिकवणीतून घेतली आहेत. आपण ख्रिस्ती आहोत, तरी यातला मुद्दा नीट समजून घ्यावा. कायदा खुर्ची देऊ शकतो. शेजारी बसणारा माणूस कायदा देऊ शकत नाही, तो धर्मातून यावा लागतो. नागरिकत्वाला धर्माची गरज असलीच तर ती इथे आहे. आणि हे काम केवळ आपलेच नाही, हेही नम्रपणे मानावे. ठाणे जिल्ह्यात 1945 मध्ये वारली लोक वेठबिगारीविरुद्ध उठले, तेव्हा त्यांच्यामध्ये गोदावरी परुळेकर होत्या, त्या कम्युनिस्ट होत्या. शोमरोनी माणसाच्या दाखल्यातही जखमीजवळ थांबणारा आपला नव्हता.

मंडळीने काय करावे?

आता मूळ प्रश्नाकडे येते. सरकारचे काम मंडळीने का करावे? उत्तर : मंडळीने सरकारचे काम करू नये. दाखला सरकारनेच द्यावा. मंडळीने माणसाला त्या दारापर्यंत सोबत करावी. 15 नोव्हेंबर 2023 रोजी आदिम जमातींसाठी पीएम-जनमन अभियान सुरू झाले. घर, रस्ता, पाणी अशा योजना त्यात आहेत. योजना आहे, वाडीही आहे. मधले अंतर चालायला माणूस नाही.

आणि एक गोष्ट आपल्याकडे आहे, जी एखाद्या कचेरीकडे नाही. आपल्या मंडळ्या गावोगाव आहेत. माझ्या वाडीतली बाई ज्या तालुक्यात भट्टीवर जाते, तिथेही एखादी मंडळी आहे. मी तिथे पोचू शकत नाही, तुम्ही पोचू शकता. म्हणून प्रत्येक मंडळीला चार विनंत्या :

1. आपल्या परिसरात वीटभट्टी किंवा कोळशाची भट्टी आहे का, याची डिसेंबरात माहिती काढा. मालकाशी भांडायला जायचे नाही. नमस्कार करून ओळख करून घ्यायची.

2. तिथे कोणी बाई दिवस भरलेली असेल तर आशाताईला कळवा. शक्यतो बाळंतपण दवाखान्यात होऊ द्या. बाळ जन्मल्यावर 21 दिवसांत त्या ग्रामपंचायतीत नोंद झाली की नाही ते पाहा. नावाचे स्पेलिंग आईच्या आधारकार्डाप्रमाणेच लिहून घ्या. एका अक्षराच्या चुकीने पुढे वर्षे जातात.

3. मंडळीतल्या एका निवृत्त शिक्षकाला किंवा कारकुनाला या कामासाठी नेमा आणि उपासनेत त्याच्यासाठी प्रार्थना करा. सातजणांवर प्रेषितांनी हात ठेवले होते, हे विसरू नका.

4. नाताळाला वाडीतल्या लोकांना बोलवाल तेव्हा एकाच पंगतीला बसा. जागा कमी असेल तर सगळेच अंगणात बसा.

शेवटी, त्या मुलीविषयी. ती नर्स झाली नाही. हे मी सोपे करून सांगणार नाही. ते वर्ष माझ्यामुळे गेले आणि ते परत येत नाही. गेल्या हंगामात ती नवऱ्याबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात भट्टीवर होती. एका सकाळी तिचा फोन आला. "ताई, मुलगी झाली. आज पाचवा दिवस. अजून सोळा आहेत ना?" मी त्या तालुक्यातल्या पाळकसाहेबांना फोन केला. त्यांची माझी ओळख नव्हती. ते आणि त्यांच्या मंडळीतल्या एक निवृत्त बाई दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर भट्टीवर गेले. अकराव्या दिवशी नोंद झाली. दाखल्यावर आईचे नाव आहे, बाळाचेही आहे.

तो दाखला तिने मला पावसाळ्यात दाखवला, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून कुडाच्या वळचणीला खोचलेला. नाव बरोबर लिहिले आहे ना, एवढेच तिला माझ्याकडून वाचून हवे होते. मी दोनदा वाचले.

चर्चेसाठी प्रश्न

1. प्रेषितांची कृत्ये 6 मध्ये वगळलेल्या विधवांसारखे आपल्या मंडळीत आज कोण आहे? कोणाच्या यादीत त्यांची नावे नाहीत?
2. आपल्या मंडळीच्या पंच कमिटीत आदिवासी किंवा गरीब कुटुंबातील कोणी आहे का? नसल्यास का नाही?
3. मदत करताना आपण नकळत आपला शिक्का कुठे उमटवतो?
4. "प्रार्थना करू" असे म्हणून आपण कोणते काम पुढे ढकलले आहे?

प्रार्थनेचे विषय

भट्टीवर गेलेली कुटुंबे आणि तिथे या हंगामात जन्मणारी बाळे. वाडीवाडीत फॉर्म भरणारे तरुण, त्यांनी प्रामाणिक राहावे आणि थकू नये म्हणून. ग्रामसेवक, तलाठी आणि कचेरीत बसणारे सर्व, त्यांच्यापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाचा चेहरा त्यांना दिसावा म्हणून. आणि आपण सर्व, आपल्या जेवणाच्या पंगती एक व्हाव्यात म्हणून.

प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो.